ब्लॉक करूनही कॉल येतच राहतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: तीन-चारशे नंबर ब्लॉक करून झाले, तरी रोज नव्या नंबरांवरून दहा-पंधरा कॉल येतात. मेसेजचंही तेच. मध्ये एकदा वैतागून मेसेज पाठवणारं नावच ब्लॉक केलं, तर बँकेचे ओटीपी यायचे थांबले. सगळंच बंद करावं तर कामाचा फोन चुकेल ही भीती. मग फोनमध्ये नेमकं काय लावून ठेवावं?

सुरुवातीलाच ब्लॉक यादीकडून असलेली अपेक्षा कमी करायला हवी. ठरावीक माणूस किंवा ठरावीक नंबर त्रास देत असेल तर ब्लॉक चांगलं काम करतं. रोज नवा नंबर घेऊन येणाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. तिथे विचार उलट बाजूने करावा लागतो: कोणाच्या कॉलला घंटी वाजायची ते आधी ठरवायचं, आणि उरलेल्यांचे कॉल येऊ द्यायचे पण मुक्यानेच. म्हणजे त्यांची नोंद राहते, कामाचा कॉल असेल तर नंतर सापडतो आणि दिवसभराची कटकट मात्र थांबते.

नंबर ब्लॉक करून उपद्रव का संपत नाही

पडद्यावर दिसणारा नंबर ही कॉल करणाऱ्याच्या बाजूने आलेली माहिती असते. टेलिफोनचं जाळं उभं राहिलं तेव्हा कंपन्या एकमेकींवर विश्वास ठेवून ही माहिती पुढे देत होत्या, ती पडताळण्याची सोय त्यात नव्हती. इंटरनेटवरून कॉल लावणं स्वस्त झालं तसं त्या जागी हवा तो नंबर भरणंही सोपं झालं. यालाच स्पूफिंग म्हणतात. तुमच्या नंबराशी सुरुवातीचे आकडे जुळणारे कॉल येतात ते बहुधा याच जातीचे. ओळखीच्या भागातला नंबर वाटून माणूस उचलतो, एवढाच त्यामागचा हिशेब. असा नंबर ब्लॉक केला तर फसवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. तो नंबर खरोखर ज्याचा आहे त्या बिचाऱ्याचे कॉल मात्र तुमच्याकडे बंद होतात. म्हणून अशा नंबरावर उलटा फोन करून भांडण्यातही अर्थ नसतो, पलीकडच्या माणसाला कशाचा पत्ता नसतो.

दुसरा प्रकार खऱ्याखुऱ्या पण वापरून टाकायच्या नंबरांचा. नंबरांचा गठ्ठा घ्यायचा, त्यावर स्पॅमचा शिक्का बसेपर्यंत वापरायचा, मग पुढचा गठ्ठा. तुमच्या यादीतल्या तीन-चारशे नंबरांपैकी बरेचसे आज बंद तरी असतील किंवा दुसऱ्याच कोणाला मिळालेले असतील.

यावर उपाय म्हणून कॉलला डिजिटल सही लावण्याची स्टर-शेकन नावाची पद्धत आली. अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या दूरसंचार कंपन्यांना त्यांच्या आयपी, म्हणजे इंटरनेट पद्धतीने चालणाऱ्या, जाळ्यांवर ती बंधनकारक झाली. तिच्यात तीन दर्जे असतात. 'ए' म्हणजे ग्राहकही ओळखीचा आणि नंबरही त्याचाच. 'बी' म्हणजे ग्राहक माहीत आहे, नंबर त्याचा असल्याची खात्री नाही. 'सी' म्हणजे कॉल आपल्या जाळ्यात कोणत्या वाटेने आला तेवढंच ठाऊक. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: कॉलवर पडताळणीची बरोबरची खूण दिसली तर नंबर खरा आहे एवढंच कळतं. बोलणारा माणूस खरा आहे की नाही, हे ती खूण सांगत नाही.

वाजत असलेला कॉल कापू नका, त्याचा आवाज बंद करा

यांत्रिक डायलर एकाच वेळी बरेच नंबर लावतो आणि जो उचलेल त्याला मोकळ्या एजंटकडे जोडतो. उचलल्यावर दोन-तीन सेकंद शांतता आणि मग बारीक 'टक' असं काही ऐकू आलं तर पलीकडे असं यंत्र आहे असं समजावं. एजंट मोकळा नसेल तर कॉल तसाच तुटतो. त्यातून त्यांना एवढं कळलेलं असतं की हा नंबर चालू आहे आणि या वेळेला माणूस उचलतो. लाल बटण दाबून कॉल कापला तरी फोन हातात घेऊन कोणीतरी बसलंय हा संकेत जातोच.

म्हणून अनोळखी कॉल वाजू लागला की आवाजाचं बटण एकदा दाबा. घंटी थांबते, कॉल चालू राहतो आणि आपोआप संपतो. पलीकडच्याला 'उचलत नाहीत' एवढंच दिसतं. आयफोनवर बाजूचं बटण एकदा दाबलं तरी हेच होतं. तेच बटण लागोपाठ दोनदा दाबलं तर कॉल नाकारला जातो, तेव्हा बोट आवरायचं.

एकच घंटी वाजवून तुटणाऱ्या परदेशी कॉलना उलटा फोन कधीच लावू नये. जपानी भाषेत 'एक' आणि 'कापणे' यांवरून या फसवणुकीला वान्गिरी म्हणतात. तुम्ही उलट फोन केलात की तो महागड्या नंबरावर लागतो आणि त्या पैशातला वाटा फसवणाऱ्याला मिळतो. त्यामुळे नंबराच्या सुरुवातीचा देशाचा कोड पाहायची सवय लावून घ्यावी.

'अननोन' या शब्दाची गफलत

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा या शब्दामुळे होतो. गूगलच्या फोन ॲपमध्ये 'ब्लॉक्ड नंबर्स'मध्ये गेल्यावर वर 'अननोन' नावाचं बटण दिसतं. ते फक्त नंबर लपवून आलेले कॉल अडवतं, ज्यांच्या जागी 'प्रायव्हेट' किंवा 'अननोन' असं दिसतं ते. संपर्कयादीत नसलेल्या नंबरांशी त्याचा संबंध नाही. सॅमसंगच्या फोनवरही 'ब्लॉक नंबर्स'मधलं त्या नावाचं बटण लपवलेल्या नंबरांसाठीच आहे. आयफोनवर मात्र 'अननोन कॉलर' म्हणजे जो तुमच्या संपर्कयादीत नाही तो प्रत्येक जण. एका फोनवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस हे बटण चालू करतो आणि मग एकतर काहीच फरक पडत नाही किंवा सगळेच कॉल गप्प होतात.

अँड्रॉइडवर करायचं ते असं. फोन ॲप उघडा, तीन टिंबांवरून सेटिंग्जमध्ये जा, 'कॉलर आयडी अँड स्पॅम' शोधा. तिथे दोन बटणं असतात. पहिलं फक्त इशारा देतं, म्हणजे संशयित कॉलला पडदा लाल होतो पण घंटी वाजतेच. दुसरं 'फिल्टर स्पॅम कॉल्स' हे. ते चालू केलं की ओळखलेला स्पॅम वाजत नाही, मिस्ड कॉलची सूचनाही येत नाही, पण कॉलच्या इतिहासात नोंद सापडते. दुसरं चालू ठेवाच. सॅमसंगच्या फोनवर 'कॉलर आयडी अँड स्पॅम प्रोटेक्शन' आधी चालू करावं लागतं, त्यानंतर स्पॅम आणि फसवणुकीचे कॉल अडवण्याचा पर्याय वापरता येतो. 'अननोन'चं बटणही खुशाल चालू करा. मात्र काही रुग्णालयं आणि सरकारी कचेऱ्यांचे कॉल लपवलेल्या नंबरावरून येतात, तशी वाट पाहत असाल तेवढे दिवस ते बंद ठेवा.

आयफोनवर आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, अनोळखी कॉलना गप्प करण्याची सोय आहे. संपर्कयादीतले, तुम्ही अलीकडे स्वतः लावलेले आणि मेल वगैरेंमध्ये सापडलेले नंबर वाजतात. बाकीचे न वाजता व्हॉइसमेलकडे, म्हणजे बोललेला निरोप साठवणाऱ्या सोयीकडे, जातात आणि 'रीसेंट्स'मध्ये दिसतात. आयओएस २६ मध्ये याला मधला मार्ग मिळाला. सेटिंग्ज, ॲप्स, फोन, 'स्क्रीन अननोन कॉलर्स' या वाटेने गेलात की तीन पर्याय दिसतील: काहीच करू नका, कॉलचं कारण विचारा आणि गप्प करा. मधल्या पर्यायात फोन स्वतः पलीकडच्याला नाव आणि काम विचारतो, उत्तर तुमच्या पडद्यावर लिहून दाखवतो आणि मग वाजतो. ज्याच्या फोनवर आणि भाषेत हे नीट चालतं त्याने हाच निवडावा. यांत्रिक डायलर इथेच गळतात, कारण प्रश्नाला उत्तर द्यायला पलीकडे कोणी नसतं.

आता एक चूक, जी पुष्कळ जण भल्या हेतूने करतात. त्रासदायक नंबर 'फ्रॉड उचलू नये' किंवा 'स्पॅम ७' अशा नावाने संपर्कयादीत जतन करायचा. जतन केलेला नंबर फोनच्या दृष्टीने ओळखीचा होतो. अनोळखींना गप्प करणारी प्रत्येक सोय त्याला सोडून देते. शिवाय व्हॉट्सॲपवर तुमचा फोटो आणि स्टेटस 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरतं ठेवलं असेल तर तेही त्याला दिसायला लागतं. अशी नावं आज शोधून काढा, आधी ब्लॉक करा, मग संपर्कयादीतून उडवा.

आडवेळी शांतता, पण घरच्यांना वाट मोकळी

कामाच्या वेळी अनोळखी कॉल घ्यावेच लागत असतील तर दिवसभर गप्प ठेवणं परवडत नाही. मग 'डू नॉट डिस्टर्ब' वेळापत्रकावर लावा. अँड्रॉइडवर त्यातल्या 'पीपल' भागात कॉलसाठी 'कॉन्टॅक्ट्स' किंवा 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स' निवडता येतात. त्याखाली 'रिपीट कॉलर्स' असतं: त्याच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजू द्यायचा. आयफोनच्या 'फोकस'मध्ये हीच मुदत तीन मिनिटांची आहे. अडचणीतला माणूस दोनदा लावतोच, म्हणून ही सोय चांगली आहे. काही डायलरही लागोपाठ दोनदा लावतात, तसा अनुभव आला तरच ती बंद करावी.

आई-वडील, मुलं, शेजारी अशा मोजक्या नंबरांसाठी आयफोनवर संपर्काच्या पानावर 'एडिट', मग 'रिंगटोन' आणि तिथे 'इमर्जन्सी बायपास' चालू करा. फोन सायलेंटवर असला तरी तो नंबर वाजतो. अँड्रॉइडवर त्यांना तारा द्या.

आणीबाणीच्या सेवेला कॉल केला तर फोन स्वतःच ढिला पडतो, कारण तिथून उलटा कॉल येऊ शकतो. आयफोनवर अनोळखींना गप्प करणं २४ तास थांबतं. अँड्रॉइडवर ब्लॉक यादी साधारण ४८ तास बाजूला ठेवली जाते. त्या काळात ब्लॉक केलेले नंबर वाजले तर फोन बिघडला असं समजू नका.

मेसेज: इथे ब्लॉक जास्त जपून

ओटीपी थांबण्याचं कारण असं. बँका, कंपन्या, पोर्टल यांचे मेसेज नंबराऐवजी अक्षरांच्या नावाने येतात, हे नाव जास्तीत जास्त ११ अक्षरांचं असतं. एकाच नावाने जाहिरातही येऊ शकते आणि ओटीपीही. फोन मेसेज लावतो तो नावावरून, त्यामुळे जाहिरात पाहून नाव ब्लॉक केलं की ओटीपीही त्याच पिशवीत जातो. गूगल मेसेजेसमध्ये वर तुमच्या फोटोवर किंवा तीन रेघांवर टॅप करून 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' उघडा, तो धागा, म्हणजे त्या नावाने आलेल्या मेसेजांची माळ, उघडून 'अनब्लॉक' करा. मधल्या काळात आलेले मेसेज तिथेच पडलेले दिसतील. आयफोनवर ब्लॉक असताना आलेले मेसेज मात्र कायमचे गेले. अनब्लॉक केल्यावर पुढचे येतील, मागचे येणार नाहीत. अशा नावांना ब्लॉक करण्याऐवजी त्या धाग्याची सूचना तेवढी बंद करावी किंवा कंपनीच्या खात्यात जाऊन जाहिरातीची परवानगी काढून घ्यावी.

हीच रचना फसवणाऱ्यालाही उपयोगी पडते. ज्या देशांत असं नाव कोणीही लावू शकतं, तिथे बँकेच्या नावाने पाठवलेला खोटा मेसेज तुमच्या फोनवर बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या खालीच येऊन बसतो. वरती खरे ओटीपी दिसतात, म्हणून खालची लिंकही खरी वाटते. धागा जुना आहे हा खरेपणाचा पुरावा धरू नये. मेसेजमधली लिंक न वापरता बँकेचं ॲप स्वतः उघडून पाहायचं, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक सापळे निकामी होतात.

गूगल मेसेजेसमधलं 'स्पॅम प्रोटेक्शन' चालू ठेवा, ते मेसेज सेटिंग्जमध्ये सुरक्षिततेच्या भागात असतं. आयफोनवर मेसेजच्या सेटिंगमध्ये अनोळखी पाठवणाऱ्यांना वेगळ्या यादीत टाकायचा पर्याय आहे, आवृत्तीगणिक त्याचं नाव थोडं बदललंय. तो लावला की मेसेज येतात, पण मुख्य यादीत घुसत नाहीत. आठवड्यातून एकदा त्या यादीवर नजर टाकावी, कारण कुरिअरचा किंवा दवाखान्याचा निरोप तिथे जाऊ शकतो.

आयफोनच्या आयमेसेजमध्ये अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक टॅप होत नाही, तुम्ही उत्तर दिलंत की होते. म्हणूनच 'वाय लिहून पाठवा, मेसेज बंद करून पुन्हा उघडा आणि लिंकवर जा' असे मजकूर येतात. उत्तर मागणारा अनोळखी मेसेज दिसला की तो तसाच रिपोर्ट करून पुसून टाका. 'स्टॉप' लिहून पाठवण्याचंही तसंच. ज्या कंपनीकडे तुम्ही स्वतः नंबर दिला होता तिथे ते चालतं, अनोळखी पाठवणाऱ्याला मात्र त्यातून नंबर चालू असल्याची पावतीच मिळते.

शब्दांवरून गाळणी लावणारी ॲप मिळतात, पण 'लोन' किंवा 'ऑफर' असे शब्द टाकून फार काळ निभत नाही. पाठवणारे अक्षरांमध्ये टिंबं घालतात, दिसायला सारखी पण दुसऱ्या लिपीतली अक्षरं वापरतात. गाळणीला वेगळा शब्द दिसतो, डोळ्याला तोच.

एकाएकी दहा-वीस वेगवेगळ्या ठिकाणांहून ओटीपींचा पाऊस पडू लागला तर ब्लॉकचं बटण दाबायची घाई करू नका. कोणीतरी तुमचा नंबर अनेक संकेतस्थळांवर भरतंय. कधी हा नुसता त्रास असतो. कधी त्या गर्दीत एक खरा मेसेज लपवायचा असतो: पासवर्ड बदलल्याचा, नवीन डिव्हाइस जोडल्याचा किंवा पैसे गेल्याचा. आधी सूचनांचा आवाज बंद करा, मग मेसेज एकेक करून वर चाळा, तुम्ही खरोखर ज्या सेवा वापरता त्यांची नावं शोधा आणि बँक आणि ईमेल खातं तपासा. एकही ओटीपी कोणाला सांगू नका, 'हे थांबवून देतो' म्हणणाऱ्याला तर नाहीच.

आणखी एक वाट फार जणांना माहीत नसते. फसवणारे खोटा टॉवर लावून आसपासच्या फोनना २जी या जुन्या मोबाइल जाळ्यावर ओढतात आणि थेट मेसेज टाकतात. २जी मध्ये जाळं फोनला ओळखतं, फोन मात्र जाळ्याची खातरजमा करत नाही, हे त्यातलं मूळ भगदाड. मेसेज मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून येतच नसल्याने तिची गाळणी काही करू शकत नाही. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनवर सिमच्या सेटिंगमध्ये 'अलाऊ २जी' हे बटण आहे, ते बंद करा. आणीबाणीचा कॉल तरीही २जी वरून लागतो. जिथे २जी शिवाय रेंजच नसते तिथे मात्र ते पुन्हा चालू करावं लागेल.

चॅट ॲपची ब्लॉक यादी वेगळी

फोनमध्ये ब्लॉक केलेला नंबर व्हॉट्सॲपवर मोकळाच असतो, आणि तिथे ब्लॉक केलेला साधा कॉल करू शकतो. आयफोनवर एकदा ब्लॉक केलं की फोन, फेसटाइम, मेसेज आणि मेल हे ॲपलचे चारही रस्ते बंद होतात, पण व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल प्रत्येकात वेगळं करावं लागतं.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स इथे 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. ही सोय २०२३ मध्ये आली. त्याच प्रायव्हसीत 'ग्रुप्स'मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा, नाहीतर कोणीही उचलून गुंतवणुकीच्या ग्रुपमध्ये टाकतो. आणखी खाली 'ॲडव्हान्स्ड'मध्ये अनोळखी खात्यांकडून येणारा मेसेजांचा मोठा लोंढा अडवायचा पर्याय आहे. त्रासदायक मेसेजला नुसतं ब्लॉक न करता रिपोर्टही करा. त्या धाग्यातले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, त्या माणसाला कळवलं जात नाही. टेलिग्रामवर फोन नंबर, कॉल आणि ग्रुप हे तिन्ही संपर्कयादीपुरते करावेत. सिग्नलमध्ये 'नंबरावरून मला कोण शोधू शकतं' याला 'नोबडी' देता येतं.

कॉल ओळखणारी ॲप: फायदा आहे, किंमतही आहे

ट्रूकॉलरसारखी ॲप बऱ्याच लोकांनी केलेल्या तक्रारींवरून नाव आणि शिक्का दाखवतात. धंद्याचे कॉल जास्त येणाऱ्याला त्यांचा खरोखर उपयोग होतो. परवानग्या मात्र तोलून द्याव्यात. अँड्रॉइड १० पासून 'कॉलर आयडी आणि स्पॅम ॲप' ही भूमिका वेगळी देता येते, त्यासाठी फोनचं कॉल लावायचं ॲप बदलावं लागत नाही. तेवढीच द्या. मेसेजची परवानगी मागितली तर देऊ नका, मेसेज वाचू शकणारं ॲप ओटीपीही वाचू शकतं. संपर्कयादीची परवानगी देताना त्या यादीत दुसऱ्या लोकांची माहिती आहे हे ध्यानात ठेवावं. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

दोन-दोन अशी ॲप ठेवू नयेत, एका वेळी एकच या भूमिकेत चालतं आणि दुसरं उगाच बॅटरी खातं. ॲप काही दिवस चालून मग गप्प होत असेल तर फोनची बॅटरी बचत त्याला मारत असते. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. आयफोनवर ॲप नुसतं बसवून भागत नाही, फोनच्या सेटिंगमध्ये 'कॉल ब्लॉकिंग अँड आयडेंटिफिकेशन' इथे ते चालू करावं लागतं.

एकाच सुरुवातीचे कॉल येत असतील तर तेवढे आकडे देऊन अख्खी मालिका अडवणारी ॲपही आहेत. शेवटचे चार आकडे मोकळे सोडले तर १०,००० नंबर बंद होतात, सहा सोडले तर १० लाख. त्यात खरी माणसंही येतात. म्हणून मालिका जितकी लांब देता येईल तितकी द्यावी.

जे कॉल-मेसेज नाहीतच

बरेचदा 'ब्लॉक करूनही मेसेज येतो' ही तक्रार असते आणि तो मेसेज नसतोच. सूचनेवर बोट दाबून ठेवा, ती कोणत्या ॲपची आहे ते दिसतं. क्रोम दिसलं तर कधीतरी एखाद्या पानाला 'अलाऊ' दाबलेलं आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथून ते पान काढून टाका. आयफोनवर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं कॅलेंडर सांगत असेल तर नको असलेलं कॅलेंडर जोडलं गेलंय. एकेक कार्यक्रम नाकारत बसू नका, ते कॅलेंडरच 'अनसबस्क्राइब' करा. पडद्याच्या मधोमध 'ओके' आणि 'कॅन्सल' घेऊन येणारा चौकोन सिमकार्डाकडून येतो. 'सिम टूलकिट' ॲपमध्ये ती सेवा बंद करण्याचा पर्याय बहुधा असतो. घाईत 'ओके' दाबलं तर एखादी पैशाची सेवा सुरू होऊ शकते.

ब्लॉक केलेल्या माणसाचा 'इतक्या वाजता कॉल आला होता' असा एसएमएस येत असेल तर तो मोबाइल कंपनीच्या मिस्ड कॉल सेवेकडून येतो. फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल तुमच्यापर्यंत पोचतच नाही, मग फोनची ब्लॉक यादी काय करणार?

ब्लॉक केलेला नंबर परदेशात गेल्यावर पुन्हा वाजू लागला तर तो यादीत देशाच्या कोडशिवाय जतन झालेला असतो. अधिकचं चिन्ह, देशाचा कोड आणि पूर्ण नंबर असा लिहून ठेवावा.

कोणीतरी फोनवर बोलता बोलता *२१* किंवा **२१* ने सुरू होणारा काही कोड लावायला सांगितला असेल तर कॉल वळवले जात असण्याची शक्यता आहे. *#२१# लावून पाहा. वळवल्याचं दिसलं तर ##००२# लावा, सगळी वळणं रद्द होतात. व्हॉइसमेल वापरत असाल तर त्याचंही वळण जातं, ते नंतर पुन्हा लावून घ्या.

ओळखीचा माणूस त्रास देत असेल तर

इथे क्रम बदलतो. ब्लॉक करण्याआधी पुरावा जमवायचा. धागा पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नाव न दिसता पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. त्यासाठी संपर्काचं पान उघडून त्याचाही एक स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲपचा धागा 'एक्सपोर्ट चॅट'ने फाइल म्हणून काढता येतो, ती स्वतःला ईमेल करा. कॉलच्या इतिहासाचेही फोटो घ्या, काही फोन जुन्या नोंदी आपोआप टाकून देतात.

धमक्या येत असतील तर कधीकधी तो नंबर ब्लॉक न करणंच बरं. ब्लॉक झाल्याचं कळून माणूस नव्या नंबरावरून किंवा प्रत्यक्ष येऊ शकतो, आणि पुढच्या धमकीची नोंद तुमच्याकडे राहत नाही. अशा वेळी त्या एका संपर्काला आवाज नसलेली रिंगटोन द्या, त्याच्या धाग्याच्या सूचना बंद करा, धागा आर्काइव्ह करा. नोंद होत राहील, पण दर वेळी छातीत धस्स होणार नाही. विश्वासातल्या एका माणसाला ते मेसेज वाचून जपून ठेवायला सांगता आलं तर उत्तम, सगळं स्वतःच वाचायची सक्ती नाही. ब्लॉक करायचं ठरलं तर एकाच बैठकीत सगळीकडे करा: फोन, प्रत्येक चॅट ॲप, ईमेल, समाजमाध्यमं, आणि लपवलेल्या नंबरांचं बटणही. एखादं दार उघडं राहिलं तर तो तिथूनच येतो. त्याच दिवशी फोनचा पासकोड आणि ईमेलचा पासवर्ड बदला आणि व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये न ओळखणारं एखादं यंत्र जोडलेलं असेल तर ते लॉग आउट करा. त्याच्याकडे कधी तुमचा फोन पाच मिनिटं जरी असला असेल, तरी हे तपासणं सोडू नका.